वाजता खो

गणिताच्या बाई रजेवर गेल्या की पालक फोन करून चौकशी करतात. मी रजेवर गेले की माझा तास गणिताच्या बाईंना मिळतो आणि सगळे खूश होतात, मुलं सोडून. अठ्ठावीस वर्षं मी पीटी शिकवते आहे, त्यातली शेवटची चौदा धायरीतल्या या शाळेत. घर विश्रांतवाडीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून सकाळी फाटकातून आत शिरते तेव्हा निम्मा दिवस संपल्यासारखा वाटतो आणि अजून प्रार्थनाही व्हायची असते. लोक विचारतात, इतक्या लांब कशाला? आता काय सांगायचं. नोकरी जिथे मिळाली तिथे मिळाली आणि नवऱ्याचं घर जिथे होतं तिथे होतं. गुडघे दोन्हीकडे माझेच.

मी आले तेव्हा शाळेच्या मागे शेत होतं. आता चारही बाजूंना इमारती आहेत आणि बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून आजोबा लोक आमची कवायत बघतात. एकदा एका आजोबांनी खाली येऊन मला सांगितलं, की तुमची तिसरी रांग वाकडी असते. मी म्हटलं, आपण वरून बघता म्हणून आपल्याला दिसते, मला खालून सरळच वाटते. ते गेले. मैदानही पहिलं राहिलेलं नाही. मातीनं बूट मळतात अशी पालकांची तक्रार आली, म्हणून निम्म्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसले. उरलेल्या निम्म्या मातीवर मी चुन्याची फक्की मारून खो-खोचं मैदान आखते. थंडीत, आंतरशालेय सामन्यांच्या आधी, शिपाईकाका सकाळी तिथे पाणी मारतात. दुपारपर्यंत चिखल असतो, साडेचारला माती छान बसते आणि मग मी मुलींना उतरवते.

आता त्या खोबद्दल सांगायला हवं.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझा संघ एकदा अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. दुसऱ्या शाळेत होते तेव्हाची गोष्ट. शेवटच्या मिनिटाला आमच्या मुलीनं खो दिला, बसलेली उठली, समोरचा गडी टिपला, आणि पंचांनी शिट्टी मारून फाऊल दिला. म्हणे हात लागलाच नाही, नुसतं तोंडानं खो म्हटलं. लागला होता. मी बघितलं होतं. पण पंचांनी बघितलं नव्हतं, म्हणजे नव्हता. टेम्पोतून परत येताना मुली रडत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत दात आवळून बसले होते. तेव्हापासून मी ठरवलं, की माझ्या मुलींचा खो पंच आंधळा असला तरी त्याला कळला पाहिजे.

म्हणून मी माझी एक रीत काढली. सरावाला मी खांबाशी उभी राहते, ओळीकडे पाठ करून, डोळे मिटून. तोंडानं दिलेला खो मी धरतच नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीवर पंजा पडलेला मला ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर मी तिथूनच बोट वर करते: फाऊल, परत सुरुवातीपासून. "पंजा वाजू दे!" हे मी इतक्यांदा ओरडले असेन की मुली घरी भांडी घासतानाही ओरडत असतील. दोन महिन्यांत हात तयार होतो. मुली त्याला 'वाजता खो' म्हणतात. दुसऱ्या शाळांचे सर सामन्याच्या वेळी म्हणायचे, बाई, तुमच्या पोरींचा खो रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

इतक्या वर्षांत कुणाला लागलं नव्हतं. मातीवर बसलेल्या मुलीला माहीत असतं की पाठीत पंजा येणार आहे. ती त्या धक्क्याचाच उपयोग करून पुढे झेपावते. फार तर कोपर खरचटतं, त्याला आम्ही हळद लावतो. पण हे फक्त मातीवर, फक्त सरावात, मी समोर असतानाच करायचं, असं मी मुलींना कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या वर्षी सहावीतल्या दोन मुली संघात होत्या. एक गावठाणातली. जुन्या धायरीत दोन खोल्यांचं घर, आई सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जाते. काटक, अबोल, आणि धावायला लागली की नुसतं बघत राहावं अशी. दुसरी सोसायटीतली, आमच्या मैदानावर नजर ठेवणाऱ्या त्याच बारा मजली इमारतीतली. गोरीगोमटी, अखंड बडबड करणारी, पायात महागाचे बूट, आणि खो-खोचं भयंकर वेड. घरच्यांनी टेनिसला घातलं होतं, ते सोडून आली. दोघी ओळीत शेजारी बसायच्या, डबाही एकत्र खायच्या. सोसायटीतलीला गावठाणातलीच्या डब्यातली लसणाची चटणी लागायची आणि गावठाणातलीला तिच्या डब्यातलं काहीही चालायचं.

मधल्या सुट्टीची मैदानावरची ड्युटी त्या दिवशी माझी होती. तशी ती कायम माझीच असते. पीटीच्या बाईंनी मैदानावर असावं हे सगळ्यांना पटकन पटतं. सकाळी पाणी मारलं होतं म्हणून मातीत चिखल होता. मुलींनी ब्लॉकवर खडूनं रेघा ओढल्या आणि ओळ धरून बसल्या. मी ते बघितलं. उठून नको म्हणावं असं वाटलंही. पण मी जिन्याजवळ खुर्ची टाकून बसले होते, गुडघे ठणकत होते, सकाळी दुसऱ्या बसमध्ये उभ्यानं आले होते. ऊन अंगावर चांगलं वाटत होतं. मी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी मी खेळ ऐकत होते. सवय झालेली. एक पंजा वाजला, कोरडा आणि स्वच्छ, आणि माझ्या मनात आलं, वा, काय सुंदर खो दिला!

मग किंकाळी ऐकू आली.

सोसायटीतली मुलगी तोंडावर आपटली होती. समोरचे दोन दात तुटले, हनुवटी फाटली. मी पळत गेले, खरंच पळत गेले, गुडघ्यांसकट. तिच्या तोंडावर माझा रुमाल धरला. बाकीच्या मुली एका जागी गोळा होऊन उभ्या होत्या आणि गावठाणातली खाली वाकून ब्लॉकच्या फटींमध्ये दाताचे तुकडे शोधत होती. तिला ते सापडले. कागदात बांधून तिनं ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बाई, चिकटवत्यात का वो हे?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मला बोलावलं. जखमी मुलीचे वडील आले होते. आयटीत आहेत, सज्जन माणूस, रात्रभर झोपले नसावेत. हनुवटीला टाके पडले होते. दातांचं पुढे काय करायचं ते डॉक्टर नंतर सांगणार होते. खो देणारी गावठाणातली मुलगी दाराशी उभी होती. तिच्या आईला निरोप गेला होता, पण ती दुपारचा स्वयंपाक उरकून येणार होती.

मुख्याध्यापिकांच्या टेबलावरच्या पडद्यावर मैदानाचं चित्रण लावलेलं होतं. आमच्या कॅमेऱ्यांना डोळे आहेत, कान नाहीत. त्यामुळे त्यात कुणी खो म्हटलेलं ऐकू येत नाही, मुलींचा आरडाओरडा नाही, हसणं नाही. एक मुलगी पाठमोरी बसलेली दिसते. दुसरी मागून धावत येते, हात खांद्यापर्यंत वर नेते आणि तिच्या पाठीत मारते. पहिली तोंडावर पडते. बस, एवढंच. आवाज काढून घेतला की माझी इतक्या वर्षांची रीत कशी दिसते, ते मी पहिल्यांदा बघत होते.

"हे बघा मॅडम," वडील म्हणाले. "हे खेळणं आहे का? सॉरी टू से, पण हा ॲसॉल्ट आहे. अशा मारकुट्या मुलीबरोबर आम्ही मुलांना कसं पाठवायचं?"

"अहो, आपण आधी बसा तरी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्या वाईट नाहीत. त्यांच्यासमोर वरच्या ऑफिसला पाठवायचा अहवाल होता आणि त्यात एक रकाना भरायचा राहिला होता. "बाई, तुम्ही मुलींना सूचना दिलेल्या होत्या ना? खो देताना हात हळू लावायचा म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "नेहमीच सांगते."

किती सोपं गेलं ते. मी नंतर पुष्कळ विचार केला, की मी असं का म्हटलं असेन. चौकशीची भीती होतीच. नोकरीची अखेर जवळ आलेली, पेन्शनचे कागद वेळेवर हलायला हवेत, तेही होतं. पण खरं कारण त्याहून क्षुल्लक आहे. मी दमले होते. मला ती खोली, ती माणसं, तो पडदा, सगळं लवकर संपायला हवं होतं, आणि सगळ्यांत लवकर ते 'हो' म्हटल्यानं संपणार होतं.

मुख्याध्यापिका मुलीकडे वळल्या. "बाई नेहमी सांगतात ना? मग का नाही ऐकलंस? इतक्या जोरात का मारलंस तिला?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी बघितलं. मग ती खाली बघून म्हणाली, "चुकलं."

मला वाटलं, पोरीनं मला पाठीशी घातलं. अकरा वर्षांची पोर, पण मोठ्या माणसाची लाज तिला कळली आणि तिनं ती झाकली. त्या दिवशी दोन्ही बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि मी पदरानं डोळे पुसत विश्रांतवाडीपर्यंत आले. स्वतःच्या शरमेबरोबर मला तिचं कौतुकही वाटत होतं. इतकी मी गाढव.

त्याआधी दुपारी तिची आई आली होती. माफीनाम्यावर सही केली, त्या वडिलांसमोर हात जोडले, पोरीच्या दंडाला धरून तिला हलवलं आणि म्हणाली, "हात लई वळवळत्यात का तुजे?" शिक्षा अशी ठरली: वर्ष संपेपर्यंत खो-खो बंद, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायचं. मला सांगण्यात आलं, की सुरक्षित खेळाचे नियम लिहून द्या.

मी लिहून दिले. लिहायचं कामही माझंच, ते रास्तच होतं म्हणा. ओल्या फरशीवर धावू नये. ब्लॉकवर बसून खेळ खेळू नयेत. कुणाला ढकलू नये, ओढू नये. लहान मुलांना खेळात घ्यावे, पण त्यांना त्यांच्या बेतानं खेळू द्यावे. कुणी पडल्यास खेळ थांबवावा, आधी त्याला उठवावे. सगळे चांगलेच नियम होते, आजही एकही खोडावासा वाटत नाही. सातवा नियम होता: 'खो देताना जोडीदाराच्या पाठीला तळहाताने हलका स्पर्श करावा.' चित्रकलेच्या सरांनी मोठ्या अक्षरांत फलक रंगवला, चार कोपऱ्यांत फुलं काढली. पालकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो गेला आणि अंगठे आले. वडिलांनीही अंगठा दिला. फलकावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा नियम कालपासून आहे. भिंतीवर लावल्यावर तो पहिल्यापासून तिथेच असल्यासारखा दिसायला लागला.

मग आमच्याकडे सगळ्याच गोष्टीचं होतं ते झालं. नियम परिपाठात गेले. सकाळच्या प्रार्थनेनंतर रोज एका मुलानं माईकवरून ते वाचायचे आणि शाळेनं मागून म्हणायचे. वाचायची पाळी हजेरीच्या क्रमानं. मी हिशोब केला नव्हता, पण पाळी यायची ती आलीच. एके दिवशी गावठाणातली मुलगी माईकसमोर उभी राहिली. तिची उंची कमी, म्हणून शिपाईकाकांनी माईक खाली केला. मी बाजूला शिट्टी धरून उभी होते. तिनं पहिल्यापासून सगळे नियम वाचले. सातवा आला तेव्हा ती अडखळेल असं मला वाटलं. ती अडखळली नाही. शुद्ध, सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून तिनं तो वाचला आणि आठशे मुलांनी तो तिच्यामागून म्हटला. मग ती रांगेत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून. त्या दिवसांत ती चालतानाही हात तसेच धरायला लागली होती. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगी सुधारली हो.

सराव चालू होता, पण खेळ गेला होता. मुली एकमेकींच्या पाठीला बोटाची टोकं लावायच्या, ताप बघावा तशा. मी खांबाशी उभी राहायचे, डोळे उघडे ठेवून. सामन्याला गेलो, पहिल्याच फेरीत हरलो आणि परत आलो. कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं माझ्या मनाला लागेल. नाही लागलं. आता कसलंच काही लागत नाही असं वाटायचं, घरी गेलं की भाजी चिरायचाही कंटाळा यायचा.

जानेवारी सरता सरता सोसायटीतली मुलगी परत खेळायला आली. दातांवर टोप्या बसल्या होत्या, हनुवटीवर बारीक पांढरी रेघ होती. वडिलांनीच परवानगीची चिठ्ठी दिली होती. ती आली ती बडबडतच.

"मॅडम, ती का नाही खेळत? मी तिला रोज सांगते चल, तर ती म्हणते नको. तिच्यामुळे नाही पडले मी."

"मग कुणामुळे?" मी सहज विचारलं. फक्कीचा डबा माझ्या हातात होता, मी रेघ मारत होते.

"अहो मॅडम, मीच तिला सांगितलं होतं ना. आधीच्या दोन टर्नला तिनं हळू दिला होता, ब्लॉक आहेत म्हणून. मी म्हटलं, असं नको देऊस, वाजला पाहिजे, मॅडम तिकडे डोळे मिटून बसल्या आहेत, त्या ऐकतायत. फाऊल देतील." ती हसली. "तुम्ही ऐकतच होता ना?"

मी ऐकतच होते. मी हो म्हटलं. त्या महिन्यातलं माझं तेवढंच एक खरं 'हो'.

रेघ वाकडी गेली. मी ती पायानं पुसली आणि पुन्हा मारली. म्हणजे ती मुलगी आपल्या अकलेनं हळूच खेळत होती. ब्लॉकवर हात जपून टाकावा हे तिला कुणी न शिकवता कळलं होतं. मी खुर्चीत डोळे मिटून बसले नसते, तर दात शाबूत राहिले असते. आणि मारकुटी ठरली ती.

दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी बारा दिवस घेतले. रोज बसमध्ये ठरवायचे, रोज फाटकात शिरल्यावर कुठलं तरी काम निघायचं. शेवटी मुख्याध्यापिकांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, प्रकरण मिटलंय. मुलीची शिक्षाही दोन महिन्यांत संपेल. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल. मलाही द्यावा लागेल."

"देते मी," मी म्हणाले.

"तुम्ही दमला आहात. चार दिवस रजा घ्या."

दमले होते हे खरंच होतं. पण दमले होते म्हणूनच तर हे सगळं झालं होतं, आणि आणखी दमायचं तर खरं बोलूनच दमावं, असं काहीसं माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठात नियम वाचून झाल्यावर मी माईकपाशी गेले. भाषण मला येत नाही; मला शिट्टी येते. मी म्हटलं, "सातवा नियम नवीन आहे. त्याच्या आधी मी उलटं शिकवत होते. खो जोरात द्यायचा, वाजवून द्यायचा, हे मी शिकवलं. सहावीतल्या मुलीनं मी शिकवलं तेच केलं. ऑफिसात मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तिची चूक नव्हती, माझी होती."

काही झालं नाही. आठशे मुलं गप्प उभी होती, ती एरवीही उभी असतात. मागच्या रांगेत कुणीतरी शिंकलं. शिक्षकांच्या ओळीत सगळ्यांना एकदम आपापल्या घड्याळात वेळ बघायची आठवण झाली. मुलं वर्गात गेली. दुपारी मला मेमो मिळाला. संध्याकाळी त्या वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी त्या मुलीच्या आईला काय काय बोललो." आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते गावठाणात त्या मायलेकींच्या घरी जाऊन आले असं मला त्यांच्या मुलीकडून कळलं.

शिक्षा रद्द झाली. चार दिवसांनी ती मुलगी मैदानावर आली. मी मातीवर ओळ बसवली आणि आधी सगळ्यांना नवीन पद्धत दाखवली: तळहात खांद्याच्या हाडाशी ठेवायचा, ढकलायचा नाही, नुसता टेकवायचा, आणि आवाज तोंडानं मोठा करायचा. पंचांना नाही दिसला तर नाही दिसला, हरू. मुलींना ते पटलं. तिला खेळता येत होतं, पाय तेच होते. पण पाठीशी आली की हात अर्ध्या वाटेत थांबायचा. टेकवायचा की नाही हे तिला ठरवता यायचं नाही, आणि तेवढ्यात समोरचा गडी निसटून जायचा. सोसायटीतली वळून म्हणायची, "अगं दे ना!"

सराव संपल्यावर बाकीच्या दप्तरं घ्यायला पळाल्या. ती मला दोरी गुंडाळायला मदत करत मागे राहिली. माझ्या मनात इतके दिवस जे होतं ते मी बोलून टाकलं. तिचे आभार मानायचे होते मला, खरं सांगायचं तर. म्हटलं, "त्या दिवशी ऑफिसात तू माझं नाव नाही घेतलंस. घ्यायला हवं होतंस. मला कशाला सांभाळून घेतलंस?"

तिला प्रश्न कळला नाही. ती दोरी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"सांभाळलं न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी म्हनला ना, नेहमी सांगते हळू द्या म्हनून. मंग मला वाटलं, बाई खोटं कशाला बोलत्याल. तुमी सांगितलं आसंल, माज्याच ध्यानात न्हाई. वाजू दे, वाजू दे, ते मला उगीच आठवतंय. मलाच मारायचं हुतं आसंल." मग म्हणाली, "आईनं पन इचारलं, बाईंनी शिकवलं का? मी न्हाई म्हनले. मला खरंच वाटत नव्हतं."

दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी तिला सांगितलं, की मी शिकवलं होतं. तुला आठवतं तसंच, रोज, खांबाशी उभी राहून मीच ओरडत होते. तुला नीट आठवत होतं.

तिनं मान हलवली, पण लगेच नाही. आधी तिनं माझ्या तोंडाकडे बघून घेतलं.